रोजच्या वापरासाठी स्पोर्टी प्रीमियम इस्टेट घ्यायचीय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, आधी टेप काढा, गाडी नंतर बघा

सेडानचं नाक आणि मागे छत सरळ डिकीपर्यंत नेलेली लांब गाडी, म्हणजे इस्टेट. रस्त्यावर शंभर पांढऱ्या एसयूव्हीमध्ये ही एक वेगळी दिसते आणि म्हणूनच लोक भुलतात. मग होतं काय, आधी फोटो आवडतो, मग ब्रोकरला फोन, मग रविवारी एक चक्कर, मग टोकन, आणि टोकन दिल्यावर घरी येऊन लक्षात येतं की गाडी सोसायटीच्या पझल पार्किंगमध्ये (गाड्या पॅलेटवर वर-खाली सरकवणारं यांत्रिक पार्किंग) चढतच नाही, किंवा रोजचा प्रवास मानपाडा ते तीन हात नाका एवढाच आहे आणि घेतलीय डिझेल. गाडी वाईट नसते हो, निवडायचा क्रम उलटा असतो. खाली क्रम दिलाय, मधली पायरी गाळू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे शोरूममध्ये जाऊन नवी कोरी इस्टेट घेऊ म्हणाल तर पर्याय जवळपास नाहीतच, आणि आहेत ते कोटीच्या वर. त्यामुळे हा सगळा खेळ मुख्यतः सेकंडहँडचा आहे आणि लेख तसाच लिहिलाय. यूकेच्या साइटवर स्वस्त इस्टेट बघून 'मागवून घेऊ' म्हणणारेही भेटतात, तर जुनी गाडी इम्पोर्ट करायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्युटी भरून किंमत अशी काही फुगते की तो विषय तिथेच सोडलेला बरा.

१. टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा

हो, गाडी बघायच्या आधी. व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आणि मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन या दोन्हींची लांबी ४.९४ मीटरच्या आसपास आहे. पार्किंगचा चौकोन साधारण ५ मीटरचा धरला तर गाडी बसते, पण जेमतेम. काय काय मोजायचं ते सांगतो.

चौकोनाची लांबी-रुंदी दोन्ही खांबांच्या आतून मोजा, रंगाच्या पट्ट्यावरून नको. मग बघा मागे भिंत आहे का. आपल्याला गाडी रिव्हर्स लावायची सवय, आणि इस्टेटची पूर्ण मागची बाजू वर उघडते, तेव्हा तिला मागे मोकळी जागा लागते आणि सामान काढायला तुम्हालाही उभं राहायचंय. भिंतीला पाठ लावून उभी केलेली इस्टेट म्हणजे डिकी नसलेली गाडी. मग नाक आत घालून लावावी लागते आणि रोज सकाळी रिव्हर्समध्ये बाहेर निघायचं, समोरून स्कूल बस येत असताना. जमणार असेल तरच पुढे.

पझल किंवा स्टॅक पार्किंग असेल तर पॅलेटवर किंवा कंट्रोल पॅनलजवळ पाटी असते, त्यावर लांबी, रुंदी, उंची, वजन लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. इथे इस्टेटचा एक खरा फायदा आहे. एसयूव्हीला सेडानच्या लेव्हलवर जागा मिळत नाही, इस्टेट मात्र बुटकी असते. पण क्रॉस कंट्रीची उंची १.५४ मीटर आहे, म्हणजे पाटीवर १.५५ लिहिलं असेल तर बोटभरच वाव. वर रूफ बॉक्स लावायचा विचार असेल तर विसरा. वजन सुद्धा बघा, या गाड्या २ टनाच्या आसपास जातात. आणि वॉचमनला विचारा की मोठी सेडान कुणाची आहे आणि तिचे अलॉय पॅलेटच्या कडेला घासतात का, तो सेक्रेटरीपेक्षा खरं सांगेल.

शेवटी रॅम्प. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असला की नाक निघून जातं आणि रॅम्पच्या माथ्यावर पोट घासतं. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस २.९४ मीटरच्या आसपास आहे. क्रॉस कंट्रीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी असल्यामुळे ती सहज निघते, ऑल-टेरेनला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगा) आहे त्यामुळे उंची वाढवता येते पण रोज विसरायची नाही, आणि खाली बसलेल्या स्पोर्टी गाड्यांना पोडियमचा (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगचा) खडा रॅम्प म्हणजे रोजची परीक्षा.

थांबा: मापं बसत नसतील तर इथेच थांबा. 'शेजाऱ्याशी बोलून बघू, जागा बदलून घेऊ' या भरवशावर गाडी घेऊ नका. आधी जागा बदला, लेखी घ्या, मग गाडी.

२. रोजचा रस्ता कागदावर लिहा

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे, म्हणून थोडं सविस्तर.

भारतात मिळणाऱ्या आवाक्यातल्या खऱ्या इस्टेट म्हणजे वरच्या दोन, आणि दोन्ही डिझेल. व्ही९० क्रॉस कंट्रीत २ लिटरचं २३५ हॉर्सपॉवरचं डी५ इंजिन, ऑल-टेरेनमध्ये २ लिटरचं १९४ हॉर्सपॉवरचं. दोन्ही उत्तम. पण अशा आधुनिक डिझेलला धुराच्या मार्गात डीपीएफ असतो, काजळी पकडणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, आणि त्यासाठी इंजिन गरम पाहिजे आणि गाडी साधारण १५-२० मिनिटं न थांबता बऱ्या स्पीडने चालायला हवी. आता मला सांगा, कासारवडवलीहून सकाळी साडेनऊला निघून कापूरबावडीपर्यंत कुठे मिळतात तुम्हाला अशी १५ मिनिटं?

म्हणून एक आठवडा रोजची नोंद करा, कुठून कुठे, किती किलोमीटर, किती वेळ, सलग मोकळा रस्ता किती. त्यातून साधारण तीन प्रकारचे लोक निघतात.

पहिला, ठाण्यातल्या ठाण्यात फिरणारा. ऑफिस वागळेला, पोरांचा क्लास पोखरणला, रविवारी विवियाना. लांब प्रवास फक्त गणपतीत. याने डिझेल घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. डीपीएफचा दिवा लागणार, मग सर्व्हिस सेंटरमध्ये फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे जाळी मुद्दाम जाळून साफ करणं, मग पुन्हा दिवा.

दुसरा, नवी मुंबईतून रोज लांब जाणारा. खारघरहून ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, किंवा उलव्याहून अटल सेतूवरून मुंबई. सेतूच २१.८ किलोमीटरचा आहे, इंजिन गरम होऊन जाळी साफ व्हायला याहून चांगला रस्ता नाही. याने डिझेल बिनधास्त बघावी.

तिसरा, मधला. आठवडाभर जॅम, पण दर शनिवारी-रविवारी पुणे, नाशिक नाहीतर गाव. याला डिझेल चालेल, पण जाळी साफ होत असताना मध्येच इंजिन बंद करायचं नाही ही शिस्त पाळावी लागेल. ओळखायचं कसं? आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचा वेग) नेहमीपेक्षा थोडं वर असतं, गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, थोडा गरम वास येतो. असं दिसलं तर आणखी एक चक्कर मारून या, चहा नंतर.

सावधान: 'साहेब डीपीएफ काढून टाकलाय, आता टेन्शनच नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर ती गाडी सोडून द्या. ते बेकायदा आहे, आणि ज्याने ते काढलं त्याने सॉफ्टवेअरमध्ये आणखी काय काय छेडलंय ते तुम्हाला कळणार नाही.

३. 'स्पोर्टी' म्हणजे तुमच्यासाठी काय, ते आधी ठरवा

दिसायला स्पोर्टी, पळायला स्पोर्टी आणि वळणावर स्पोर्टी, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही एकाच गाडीत कमी बजेटमध्ये मिळत नाहीत.

दिसणं आणि आराम हवा, खड्ड्यांची चिंता नको, तर क्रॉस कंट्री. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांना हीच सगळ्यात शोभते, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ऑल-व्हील ड्राइव्ह, आणि ८ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स जो जॅममध्ये धक्के देत नाही. पण वळणावर ती स्पोर्टी नाही, गुबगुबीत आहे, हे मान्य करून घ्या.

ऑल-टेरेन जास्त शांत, डिकी ६४० लिटरची, ९ स्पीड गिअरबॉक्स. एअर सस्पेन्शन म्हणजे सुख आणि खर्च दोन्ही.

पळणं हवं आणि पैशाचा प्रश्न नाही तर ऑडी आरएस६ अवांत, ४ लिटर व्ही८. वापरलेली कधीतरी बाजारात येते. घोडबंदर रोडला ती फर्स्ट-सेकंडमध्येच राहणार आहे, पण हौसेला मोल नाही.

आणि पहिल्या प्रकारातले तुम्ही असाल, म्हणजे पेट्रोलच हवं, तर खऱ्या इस्टेटचा हट्ट सोडून लिफ्टबॅक बघा, ज्यात मागची काच डिकीच्या झाकणासोबतच उघडते. २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस २४५, तिच्यात २ लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस, ५९० लिटरची डिकी. सुपर्ब २.० टीएसआय तिच्याहून शांत आणि लांब. बीएमडब्ल्यू ६ सिरीज जीटी पेट्रोलमध्येही आली होती, पण लांबी ५ मीटरच्या वर, म्हणजे पायरी १ पुन्हा करा.

स्कोडामध्ये गिअरबॉक्स नीट विचारा. जुन्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्ये ७ स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) होता, बंपर-टू-बंपर ट्रॅफिक त्याला मानवत नाही. आरएस २४५ आणि २०२० नंतरच्या २.० टीएसआय सुपर्बमध्ये वेट क्लच (ऑइलमध्ये बुडालेला) आहे, तो बराच सोशिक. ब्रोकर दोन्हीला नुसतं 'डीएसजी' म्हणतो.

इलेक्ट्रिकमध्ये किया ईव्ही६ इस्टेटच्या बरीच जवळ जाते आणि पळते तर जबरदस्त, पण चार्जर कुठे लावणार? पझल पार्किंगवाल्यांनी आधी सोसायटीकडून लेखी परवानगी आणावी.

४. पैशाचे दोन हिस्से करा

गाडी सेकंडहँड भावात मिळते, पार्ट नाही. नवी असताना ६० लाखांना आलेली क्रॉस कंट्री किंवा ७५ लाखांना आलेली ऑल-टेरेन आज कितीलाही मिळो, तिचा हेडलाइट त्या मूळ किमतीच्याच हिशोबाने येतो.

म्हणून बजेटमधले १०-१५ टक्के पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा, आणि ते 'लागले तर' नाही, लागणारच असं धरा. चार टायर, बॅटरी, ब्रेक डिस्क-पॅड, गिअरबॉक्स ऑइल, एखादा सस्पेन्शनचा आर्म.

इस्टेटचं खास दुखणं वेगळंच आहे, जे कुणी सांगत नाही. या गाड्यांचा पुढचा भाग, इंजिन, गिअरबॉक्स हे त्याच कंपनीच्या सेडानसारखं असतं, एस९० किंवा ई-क्लास, त्यामुळे ते पार्ट मिळतात. पण मागच्या दरवाजापासून मागचं सगळं वेगळं. टेलगेट, मागची काच, टेललाइट, मागचा बंपर, चाकांवरची काळी क्लॅडिंग. इथे विकल्या गेलेल्या इस्टेट मोजक्याच, त्यामुळे हे पार्ट स्टॉकमध्ये नसतात, बाहेरून येतात. आणि आपल्याकडे ट्रॅफिकमध्ये गाडीला मागूनच ठोकतात, टेम्पो नाहीतर रिक्षा.

चेक: शॉर्टलिस्टमधल्या गाडीचा चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरला जा आणि चार गोष्टींचा भाव आणि किती दिवस लागतील ते विचारा: मागची काच, एक टेललाइट, टेलगेटची मोटर, मागचा बंपर. उत्तर ऐकून पोटात गोळा आला नाही तर पुढच्या पायरीवर या.

५. कागद आधी, गाडी नंतर

नंबर मिळाला की परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, लोन चढलेलं आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, आणि ई-चलन किती पडलीत. चलनं बघून गाडी कशी चालवली तेही कळतं, ओव्हरस्पीडिंगची रांग लागली असेल तर समजून घ्या.

प्रीमियम गाड्या बऱ्याचदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असतात. मग विकणारा माणूस कितीही गोड असला तरी सही कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची हवी, रिझोल्यूशन (कंपनीचा ठराव) आणि लेटरहेडसकट.

एमएच-०४, एमएच-४३, एमएच-४६ असल्या जवळच्या पासिंगची गाडी असेल तर ट्रान्सफर सोपं. बाहेरच्या राज्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, आणि तिकडचा रिफंड तुमच्या मागे लागण्यावर. इम्पोर्टेड गाडीला महाराष्ट्रात टॅक्सचा दर चढा असतो हेही हिशोबात धरा. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात कारण तिथे जुन्या डिझेलवर कायम टांगती तलवार. पुदुच्चेरी पासिंगची गाडी तर दुरून नमस्कार करावा अशी, टॅक्स वाचवायला तिथे पास केलेल्या गाड्यांचं झंझट आरटीओपासून कोर्टापर्यंत गेलेलं आहे.

सर्व्हिस हिस्ट्री मालकाच्या फाइलवरून नको, चॅसी नंबरवरून अधिकृत सेंटरची मागा. प्रत्येक जॉब कार्डवरचं किलोमीटर एकाखाली एक लिहा. आकडा मध्येच खाली आला किंवा दोन वर्षं गाडी कुठे दिसलीच नाही, तर विचारा का.

६. गाडी थंड असताना, दिवसा उजेडी बघा

मालकाला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर परत येतो म्हणून निघा, चिडले तर चिडू दे.

थंड इंजिन तुम्ही स्वतः चालू करा. आवाज, धूर, आयडलिंगचा थरकाप. मग बाहेरून फेरी.

आपल्याकडे पहिला संशय पाण्याचा धरायचा. वंदना टॉकीजपाशी दर पावसाळ्यात जे दिसतं त्यातून एखादी गाडी गेलीच नसेल असं नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेष दिसते का बघा. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली कुबट वास. इस्टेटमध्ये डिकीचा तळ पूर्ण उचला, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ आहे का बघा, कारण बऱ्याच प्रीमियम गाड्यांत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिथेच खाली असतात आणि तिथे पाणी शिरलं की दिवे एकेक करून लागायला लागतात, एक बंद केला की दुसरा.

मग मागून ठोकर. टेलगेटची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, रबर बीडिंग उचलून आतलं वेल्डिंग कंपनीचं ठिपक्या-ठिपक्याचं आहे की नंतर कुणी गिरवलंय. पेंट मोजायचं मशीन घेऊन येणारा माणूस मिळतो, त्याचे पैसे द्या.

पॅनोरमिक सनरूफ असेल तर उघडा, कोपऱ्यातल्या नाळीत बाटलीने हळूहळू पाणी सोडा. ते थोड्या वेळात चाकांजवळ खाली टपकायला हवं. खाली आलं नाही तर नळी तुंबलीय, आणि ते पाणी जुलैमध्ये तुमच्या पायाखाली किंवा डिकीत येणार.

टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चारही वेगवेगळ्या ब्रँडचे किंवा वर्षांचे असतील तर मालक काटकसरी आहे, आणि ऑल-व्हील ड्राइव्हला असमान टायर चालत नाहीत.

एअर सस्पेन्शनवाल्या गाडीसाठी एक साधी टेस्ट. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, लिहून ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी स्टार्ट न करता पुन्हा मोजा. एक कोपरा बसला असेल तर तिथली एअर बॅग गळतेय. मालक रात्रभर थांबायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच.

७. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

ब्रोकर नेहमी मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि म्हणतो दाबून बघा. दाबून सगळ्याच छान वाटतात. रस्ता तुम्ही निवडा, आणि किमान तासभर.

ठाणेकरांनी गर्दीच्या वेळेत घोडबंदर रोड घ्यावा, गायमुखचा चढ आणि तिथला उखडलेला पट्टा सकट. सरपटत्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून गाडी कशी पुढे जाते बघा. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर लागते का. चढावर थांबून पुन्हा निघा, मागे सरकते का.

नवी मुंबईकरांनी तीन तुकडे करावेत. तुर्भे-महापे एमआयडीसीच्या आतले रस्ते, काच खाली करून, रेडिओ बंद, सस्पेन्शनचा खडखडाट ऐकायला. मग पाम बीच, हात हलका ठेवून गाडी सरळ जाते का एका बाजूला ओढते. मग बेलापूरचा पारसिक हिल, खडी चढण आणि वळणं.

मागच्या सीटवर घरच्यांपैकी कुणाला तरी बसवा. आई-बाबांना गुडघेदुखी असेल तर ऑक्टाव्हिया आरएससारख्या बुटक्या गाडीत चढ-उतार रोज जमेल का, हे पहिल्या दिवशीच कळू दे, नंतर घरी रोज ऐकण्यापेक्षा.

चाकाचा साइज हा लोकांचा आवडता घोळ. मोठं अलॉय आणि पातळ टायर दिसतं झकास, पण पावसाळ्यात खड्ड्यात टायरच्या बाजूला फुगा येतो, नाहीतर अलॉयला तडा. एकाच गाडीचे दोन साइज बाजारात दिसले तर लहान चाकाची घ्या.

८. लिफ्टवर घ्या, स्कॅन करा

हे सगळं पास झालं तरच. कारण याला पैसे लागतात आणि ते तुम्ही द्यायचे, मालकाने नाही, म्हणजे रिपोर्ट तुमचा.

त्या ब्रँडचा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा, साध्या स्कॅनरला अर्धे मॉड्यूल दिसतच नाहीत. डिझेलमध्ये डीपीएफचा काजळी लोड आणि शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं ते वाचायला सांगा. सारखं सारखं होत असेल तर जाळी संपत आलीय. एरर कोड नुकतेच पुसलेत का हेही स्कॅनरवरून बऱ्यापैकी कळतं.

खालून ऑइलचे ओघळ, बुशिंग, पोटाला स्पीडब्रेकरचे घाव, अंडरबॉडी कव्हर जागेवर आहे का. ते कव्हर कित्येकांनी काढून फेकलेलं असतं.

९. डिकीची परीक्षा तुमच्या सामानाने घ्या

लिटरच्या आकड्यांना फार भाव देऊ नका. कागदावर क्रॉस कंट्री ५६० आणि सुपर्ब ६२५. तरीही खरी इस्टेट जास्त गिळते, कारण तो आकडा साधारण वरच्या पडद्यापर्यंतचा, आणि इस्टेटमध्ये त्याच्यावर छतापर्यंत जागा असते.

म्हणून सामान घेऊनच जा. सायकल, क्रिकेट किट, बाबागाडी, जे काय रोजचं असेल ते. गणपतीची मूर्ती गाडीतून आणत असाल तर पाटासकट उंची मोजून ठेवा आणि टेलगेटच्या काचेला ती लागते का बघा, उतरत्या काचेला मुकुट आधी टेकतो. मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्या येतात त्यांचंही माप घ्या, सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते हे तिथेच कळतं. स्टेपनी डिकीच्या तळावरच मांडून ठेवलेली असेल तर आकड्यातून तेवढी जागा गेली.

आता हरवलेल्या वस्तू. वरचा गुंडाळता पडदा, सीटमागची जाळी, जॅक, टो हूक, आणि व्हील लॉकची चावी. शेवटची नसेल तर पंक्चर झाल्यावर चाक निघतच नाही. जाळी नसेल तर घाटात ब्रेक मारल्यावर पेट्या पुढे येतात, इथे सेडानसारखी मध्ये भिंत नसते हे लक्षात ठेवा. हे सगळं वेगळं मागवायला गेलं तर चांगलंच महाग पडतं, म्हणून किमतीतून आत्ताच कापून घ्या.

१०. टोकन, ट्रान्सफर, इन्शुरन्स

टोकन द्या ते लेखी, आणि त्यात दोन वाक्यं हवीतच: लोन बंद करून एनओसी मालक देईल, आणि आजपर्यंतची सगळी चलनं मालकाची.

फॉर्म २९ आणि ३० ट्रान्सफरसाठी, लोन असेल तर ३५, बाहेरच्या पासिंगला २८. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का ते बघा. पूर्ण पैसे देण्याआधी सह्या झालेले फॉर्म, दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक हातात. दुसरी चावी 'घरी राहिली' असेल तर पैसेही थोडे घरी राहू द्या, या गाड्यांची चावी बनवणं स्वस्त नाही.

इन्शुरन्समध्ये लोक हमखास चुकतात. जुन्या मालकाची पॉलिसी अजून चालू आहे म्हणून निवांत राहतात. पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज करायचा असतो, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे प्रीमियम वाढून येणार.

ॲड-ऑनमध्ये इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि पुन्हा स्टार्ट मारला तर आत पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. टायर-अलॉय कव्हर मिळत असेल तर तेही. झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता क्लेम) जुन्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारा.

११. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात

सगळे ऑइल, फिल्टर बदला, मागचं बिल असलं तरी. सर्व्हिसचा पुढचा टप्पा कंपनी १५ हजार किलोमीटर म्हणत असेल तर ट्रॅफिकवाल्यांनी १० हजारला करावा.

टेलगेट किती वर उघडायचं ते सेट करा. पोडियममध्ये डोक्यावर पाइप आणि बीम असतात, इलेक्ट्रिक टेलगेट त्यावर जाऊन आपटतं. हवी त्या उंचीला हाताने थांबवून बटण दाबून धरलं की बऱ्याच गाड्या ती उंची लक्षात ठेवतात. मॅन्युअलमध्ये बघा, दोन मिनिटांचं काम.

पेट्रोलवाल्यांनी टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचावं, ई१० लिहिलंय की ई२०, म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्के चालतं की २०. पंपावर साधं पेट्रोल आता ई२० च मिळतं, त्यामुळे ई१० वाली गाडी असेल तर फ्युएल पाइप आणि सील दर सर्व्हिसला बघून घ्यायला सांगा.

सनरूफच्या नाळ्या आणि वायपरखालचा पाला मे अखेरीस साफ करून घ्या. हे काम गॅरेजवाला स्वतःहून करत नाही, जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावा.